समोरचं टोक

एस. टी. स्टँडवर लहू मला घ्यायला आला, तेव्हा त्यानं माझ्या हातातली शेंगांची पिशवी घेतली, पिठाचा डबा घेतला, आणि काखेतल्या गाठोड्याकडे आलेला हात मागे घेतला.

"आक्का, हे कशाला आणलंस?"

"तुझ्या पोराचं बारसं हाय म्हणून."

तो रिक्षा बघायला गेला. पाठमोरा तो अगदी आमच्या बाबांसारखा दिसत होता, फक्त पायात बूट होते.

गाठोड्यात काय आहे ते मी त्याला सांगायची गरज नव्हती. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले तीन पेड होते, अंबाडीचे. तीन पेड एकात एक वळले की दोर होतो. हा वाख, अंबाडीच्या सालीचा धागा, मी बाळासाठी म्हणून निवडून घेतला होता, ओढ्यात भिजवून, सोलून, पुन्हा पुन्हा धुऊन मऊ केला होता. आमच्या मालकांनी आणि मी मिळून पेड पिळले होते. दोर मात्र वळला नव्हता. आमच्या घरची रीत तशी होती. पाळण्याचा दोर आयता न्यायचा नाही. आत्यानं पेड न्यायचे आणि बारशाच्या दिवशी बाळाच्या दारात उभं राहून दोर वळायचा. एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला बाप. लहूच्या वेळी आमची आत्या आणि बाबा असेच दारात उभे राहिलेले मला आठवतात. मी तेव्हा उंबऱ्यावर बसून गूळ खात होते.

रिक्षात लहू बराच वेळ बाहेर बघत होता. मग रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "आक्का, इथं कुणाला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"काहीच."

"मग त्यास्नी काय माहीत हाय?"

"बाबा शेती करायचे, असं सांगितलंय." त्यानं बुटाकडे बघितलं. "आपलं बागाईत होतं असं."

मला हसू आलं. तो हसला नाही, म्हणून मीही आवरलं. आमच्या बाबांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. गावातल्या झाडून सगळ्या विहिरींवर मात्र त्यांच्या हातचे दोर होते. आम्ही मातंग. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, वासराचं दावं, दुधाचं शिंकं, सगळं आमच्या दारातून जायचं. दोर विहिरीच्या तळापर्यंत जायचा. आम्ही मात्र काठाच्या अलीकडेच उभे राहायचो आणि कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचो.

"मी काय सांगू मग?" मी विचारलं.

"काही सांगू नको. तू बाळाचं नाव ठेव. आत्यानं नाव ठेवायची रीत सगळ्यांकडं असते. तेवढं कर." थोडं थांबून तो म्हणाला, "ते गाठोडं आत पलंगाखाली राहू दे."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. तो विनवत होता, आणि लहूनं मला कधी विनवलेलं मला आठवत नव्हतं.

ही गोष्ट फार जुनी आहे. पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात लहू सुपरवायझर झाला होता. वसतिगृहात राहून, दुसऱ्यांच्या कंदिलावर अभ्यास करून तो तिथवर पोचला होता. कारखान्याच्या वसाहतीत त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. सगळ्या बिऱ्हाडांपुढून एकच लांबलचक गॅलरी जायची. दारावर पाटी होती. पांढऱ्या अक्षरांवरून मी बोट फिरवलं.

"काय लिवलंय?"

"माझंच नाव," लहू म्हणाला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघून खात्री करून घेतली. खरं बोलत होता.

आत नीला, माझी भावजय, बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिची आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच झालं होतं. ती आमच्यातलीच, पण वाढली शहरात. तिचे वडील रेल्वेत होते. तिनं गाठोड्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या पाया पडायला वाकली.

"राहू दे, राहू दे. ओली बाळंतीण तू."

"वन्सं, पाळणा भाड्यानं आणलाय," ती म्हणाली. कोपऱ्यात लोखंडी पाळणा होता. त्याला पिवळ्या प्लास्टिकच्या दोऱ्या होत्या. हलवला की करकर वाजायचा.

"चांगला हाय," मी म्हणाले, आणि गाठोडं पलंगाखाली सारलं.

त्या रात्री मी बाळाला पायांवर घेऊन तेल लावलं. लहू जवळ येऊन बसला. बाळाची मूठ उघडायचा प्रयत्न करत होता.

"घट्ट धरतोय बघ," तो म्हणाला.

"धरणारच. कुणाचा हाय?"

तेवढ्यावर तो हसला, आणि मला आमचं अंगण दिसलं. बाभळीखाली मी तीन पेड बोटांत वेगवेगळे धरून उभी आहे आणि लांब, पार गोठ्यापाशी, लहू फिरकी फिरवतोय. फिरकी म्हणजे लाकडाचा दांडा, त्याला तिन्ही पेडांची टोकं बांधलेली. तो फिरवत जायचा तसा दोर वळत यायचा. फिरकी ज्याच्या हातात असते त्याला आमच्या घरात 'समोरचा' म्हणत. नाव घ्यायचे नाहीत. "तुझा समोरचा कुठाय?" असं बाबा विचारायचे. पीळ बसला की दोर आखडतो, आणि समोरचा आपोआप ओढला जातो. लहान होता तेव्हा लहूचे पाय मातीत घसरायचे, आणि तो ओरडायचा, "आक्का, वडू नगं की!" मी कुठं ओढत होते? दोर ओढायचा. पण दोर काही माणसाला पुरता आणून सोडत नाही. थोडी वाट तो ओढतो. मग दोघांनी दोर ताणून धरत एकमेकांकडे चालायचं, दोन्ही टोकं एका हातात घ्यायची. तेव्हा काम संपतं. दोर झाला, असं आमच्यात म्हणत नसत. बाबा घरातून विचारायचे, "भेटला का रं?" आणि आम्ही ओरडायचो, "भेटलो!"

लहू वसतिगृहात गेला, माझं लग्न झालं, आणि ते तिथंच राहिलं.

बारशाच्या दिवशी सकाळी लहू पेढे आणायला गेला. शेजारच्या शहाणे वहिनी मदतीला आल्या. बोलक्या, मोकळ्या बाई. त्यांनी येताना आपल्या सासूबाईंची खुर्चीही गॅलरीत आणून ठेवली, म्हातारीला सगळं दिसावं म्हणून.

"साहेबांची मोठी बहीण ना तुम्ही? अगदी तोंडवळा आहे हो," वहिनी पाळण्याला फुगे बांधत म्हणाल्या. "गावाकडं बागाईत आहे म्हणे तुमचं. वडील होते तेव्हा मोठा पसारा असेल?"

"व्हता की," मी म्हणाले. "लई हिरीवर काम चालायचं त्यांचं."

नीलानं पटकन तोंडाला पदर लावला. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि लहूला उघडं पाडायचं नव्हतं. दोन्हीच्या मधून जेवढी वाट होती तेवढ्यातून मी चालत होते.

पाळण्याखाली घालायला चादर हवी म्हणून वहिनी पलंगाखाली वाकल्या, आणि गाठोडं ओढून बाहेर काढलं. लुगड्याची गाठ सैल होती. पेड बाहेर आले.

"अय्या! हे काय हो?"

नीलाच बोलली. "पाळण्याचा दोर आहे. वन्संनी आणलाय."

"मग लावू या की! हा प्लास्टिकचा मेला किती करकरतो. बाळ दचकतं सारखं."

"अजून वळायचा हाय," मी म्हणाले. "दोन माणसं लागतात."

"मग मी कशाला आहे? या बाहेर. गॅलरी मोकळीच आहे."

मी नीलाकडे बघितलं. ती बाळाच्या कपाळावरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता खालीच बघून म्हणाली, "वळा, वन्सं. ते यायच्या आत होईल."

मला वळायचा होता. दोन दिवस पलंगाखालचं ते गाठोडं मला झोपू देत नव्हतं. नुसतं समोरचं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. बाप नाही तर शेजारीण. बाळाला काय कळणार होतं?

बांबूचा एक तुकडा शोधला, त्याला पेडांची टोकं बांधली आणि वहिनींच्या हातात दिला. मी आमच्या दाराशी उभी राहिले, तिन्ही पेड बोटांत वेगळे धरून. वहिनी मागे मागे जात पार जिन्यापाशी पोचल्या. बायका दारांत आल्या. म्हातारी खुर्चीतून वाकून बघू लागली.

"आता फिरवू?"

"फिरवा. डावीकडं."

वहिनींनी फिरवायला सुरुवात केली. माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यामुळे माझं डावं की त्यांचं डावं, याचा त्यांचा गोंधळ झाला असावा. पेड ज्या अंगाला पिळलेले असतात त्याच्या उलट अंगाला दोर वळायचा असतो. वहिनी पेड पिळले होते त्याच अंगाला फिरवत होत्या. पेड ताठले आणि जागोजागी गाठी उठू लागल्या.

"अगं बाई, हे काय रुसलंय?" वहिनी हसल्या. दारातल्या बायकाही हसल्या. "गावाकडचा दोर आहे, शहराला लाजतोय!"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि वहिनींच्या मागे जिन्यावर लहू दिसला.

त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि हारांची पिशवी. तो वरच्या पायरीवर थांबला होता. दार माझ्या बाजूला होतं. आत जायचं तर दोराच्या कडेनं सगळी गॅलरी ओलांडावी लागणार होती. खाली परत जाता आलं असतं. अजून कुणी मागे वळून बघितलं नव्हतं. मी एकटीच त्याला बघत होते.

मी मान हलवली. म्हणजे, जा. काही होत नाही, जा.

"ऱ्हाऊ द्या वहिनी," मी मोठ्यानं म्हणाले. "जमत न्हाई ते. प्लास्टिकचाच बरा."

"छे हो, जमेल की! जरा जोर लावते." आणि त्यांनी जोर लावला. पेडांनी फेर धरला. एकाला मोठी गाठ आली, आणि वाखाचे धागे सुटून बाहेर दिसू लागले.

"आवो, उलटा पीळ घालताय! हिकडं फिरवा, हिकडं! तुटंल त्यो!"

गॅलरीभर आवाज गेला. तो आवाज सुपरवायझरचा नव्हता. तो गोठ्यापाशी उभ्या असलेल्या लहूचा होता.

सगळ्यांनी वळून बघितलं. लहूनं पुडा कठड्यावर ठेवला. क्षणभर मला वाटलं, तो आता काहीतरी सांगेल. गावात बघितलं होतं, कुणीतरी शिकवलं होतं, असं काही. त्याच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं सुद्धा.

"साहेब, तुम्हाला हो कसं ठाऊक?" वहिनींनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात काही काळंबेरं नव्हतं.

"वडिलांनी शिकवलं," लहू म्हणाला. मग त्यानं बूट काढले, कडेला नीट ठेवले. "आमचं कामच ते. गावातले सगळे दोर आमच्या घरचे. मी आणि आक्का वळायचो."

"म्हणजे तुम्ही..." खुर्चीतली म्हातारी म्हणाली. तिनं ते पुरं केलं नाही. लहूनं तिच्याकडे बघून मान डोलावली. "हो, आजी. तेच."

एक दार लागल्याचा आवाज आला. म्हातारी काठी टेकत उठली आणि आत गेली. शहाणे वहिनी बांबू हातात धरून तशाच उभ्या होत्या. लहूनं हात पुढं केला. त्यांनी बांबू त्याच्या हातात दिला, आणि आत जाण्याऐवजी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. ते मी विसरले नाही.

"आक्का," लहू जिन्यापासून ओरडला, "पेड नीट धर. मधला ढिला हाय."

"मला शिकवतोस व्हय रं?"

"मग धर की नीट!"

त्यानं आधी उलटा पीळ काढला. गाठी एकेक करून मोकळ्या झाल्या. मग फिरकी धरली. इतकी वर्षं झाली होती, पण मनगटाला काही विचारावं लागलं नाही. माझ्या बोटांतून पेड सरकू लागले, दोर वळू लागला, गोल, घट्ट, मऊ. पीळ बसत गेला तसा दोर आखडू लागला, आणि पायांत नुसते मोजे घातलेला माझा भाऊ त्या गुळगुळीत फरशीवरून माझ्याकडे घसरत येऊ लागला.

"आक्का, वडू नगं की!"

मी कुठं ओढत होते?

दाराशी नीला बाळाला घेऊन उभी होती. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्ही एकदम करायला तिचे हात पुरत नव्हते.

दोर थांबला. पुरता बसला होता. आमच्यामध्ये अजून बरंच अंतर होतं. लहूनं दोर ताणून धरला आणि तो चालत निघाला. मीही निघाले. गॅलरीच्या मध्यावर, त्या बंद दारापुढंच, त्यानं आपलं टोक माझ्या हातात दिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

कुणी विचारणारं नव्हतं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी तो हळू आवाजात म्हणाला, "भेटलो, आक्का."

बारशाला फार माणसं आली नाहीत. पेढे उरले. शहाणे वहिनी आल्या, पाळण्याशी बसून गोड आवाजात गायल्या. पेढा त्यांनी खाल्ला की पदराला बांधून नेला, हे मी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं. मी बाळाच्या कानात ठरलेलं नाव सांगितलं, समीर. मग लहूनं डोळ्यांनी खूण केली, आणि मी बाबांचंही नाव सांगितलं. साधू. नवा दोर करकरत नव्हता. बाळ झोपून गेलं.

पुढं काय झालं ते मला नीलाकडून कळलं. काही बिऱ्हाडांनी वाटी-चमच्याची देवघेव बंद केली. पाण्याच्या नळावर बोलणी झाली. लहू तिथंच राहिला. त्यानं मला याबद्दल कधी एक अक्षर सांगितलं नाही. त्याऐवजी तो कार्डं पाठवू लागला. कामाचं विचारायचा. बैलाच्या तोंडाला बांधायच्या त्या जाळीला आपण मुस्कं म्हणायचो ना? अंबाडी किती दिवस भिजवायची? समीर विचारतो, त्याला सांगायचं आहे. सुरुवातीला पोस्टमन वाचून दाखवायचा. पण भावाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे शेजारच्या खोलीतून ऐकल्यासारखं. गावात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा मी पाटी घेऊन जाऊन बसले. पन्नाशी उलटली होती. अक्षरं बोटांत बसायला वेळ लागला.

ज्या दिवशी मी स्वतः पहिलं कार्ड वाचलं, त्यात लहूनं विचारलं होतं, "आक्का, फिरकी धरणाऱ्याला बाबा काय म्हणायचे? नीलाला सांगायला गेलो आणि शब्दच आठवेना. दिवसभर चैन नाही."

मी कार्डावर एकच शब्द लिहिला. समोरचा. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अहो, एवढी जागा आहे. खुशाली तरी लिहा."

"त्यानं एवढंच विचारलंय," मी म्हणाले.

आता मालक नाहीत. लहूही गेला. बाजारात रंगीत दोर मिळतात, हलके, पाण्यानं न कुजणारे. चांगले असतात. तरी अधूनमधून कुणी शिंकं मागतं, कुणी वासराला दावं मागतं, आणि मी अंगणात जाते. समोरचं टोक खुंटीला अडकवते आणि फिरकी आपल्याच हातात घेते. पीळ बसत जातो, दोर आखडत जातो, आणि मी सरकत जाते. दोर ओढतो तेवढी वाट तो ओढतो. उरलेली मी चालते, खुंटीपर्यंत सगळी.